झोपणारी डिस्क

काकांना काही विकत घ्यायचं असलं, की ती वस्तू घरात यायच्या कितीतरी आधी तिची चौकशी घरात राहायला येई. इस्त्री जळाली तेव्हा नवी येईपर्यंत काकूंना गिऱ्हाइकांचे कपडे गादीखाली दाबून घड्या पाडाव्या लागल्या होत्या. काकांचाही इलाज नव्हता. माणूस जन्मभर विमा कंपनीत. कुठली वस्तू कशी मोडेल, कशाने जळेल, कधी बुडेल याचाच विचार करण्याचा पगार घेतलेला. निवृत्तीनंतर पगार थांबला, विचार काही थांबला नाही. गल्लीत त्यांना विमाकाका म्हणत, आणि पुढच्या खोलीत मशीनवर बसून लोकांच्या पँटी आखूड नि कोट सैल करून देणाऱ्या त्यांच्या बायकोला शिवणकाकू.

सध्या चौकशी चालली होती हार्ड डिस्कची.

पुढच्या खोलीत चपलांच्या कपाटावर एक काळी पेटी होती, बुटांच्या खोक्याएवढी. तिच्यात दोन डिस्क. एकीवर जे असेल तेच दुसरीवर, म्हणजे एक गेली तरी दुसरी आहेच. ही पेटी त्यांच्या मुलीने, बटणने, पहिल्या पगारातून आणली होती. लहानपणी मशीनखाली बसून जे सापडेल ते बटण तोंडात घालायची, म्हणून नाव पडलं बटण, ते मोठेपणीही सुटलं नाही. घरातले सगळे जुने फोटो तिने एकेक करून पेटीत भरले, आणि आपला फोनही तिला जोडून दिला. तिने कुठेही फोटो काढला, की तो आपोआप घरी पेटीत येऊन पडायचा.

आता पेटीवरचा एक दिवा लाल झाला होता. दोन डिस्कांपैकी एक गेली होती, आणि राहिलेलीही म्हातारीच होती; नवी आली की सगळं तिच्यावर घेऊन हिलाही काढून ठेवायचं काकांनी ठरवलं होतं.

"हे बघ," काका चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "एक असते घरगुती डिस्क, स्वस्तातली. दुसरी सर्व्हरची. तिला चांगलेच पैसे पडतात, पण ती मोठमोठ्या ऑफिसांत, दवाखान्यांत वापरतात. रात्रंदिवस फिरते, थकत नाही."

"आपल्याकडे कुठला दवाखाना आहे?" काकू म्हणाल्या. तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे अर्धं वाक्य नाकातून आलं.

"प्रश्न दवाखान्याचा नाही. प्रश्न भरवशाचा आहे."

"अहो, पण इतके पैसे? तुम्ही? दुधाची पिशवी घेताना तारीख दोनदा वाचणारे तुम्ही?"

काकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला. कुठेतरी पाणी मुरतंय असं काकूंना वाटलं, पण त्यांनी फार खोलात जायचं टाळलं. कारण त्यांचं स्वतःचंही काही मुरत होतं, आणि ते बाहेर आलेलं त्यांना परवडणारं नव्हतं.

ते काय, हे सांगायचं तर बटण गेली त्या दिवसाबद्दल सांगायला हवं. समुद्राचा तळ मोजणाऱ्या एका जहाजावर तिला काम मिळालं होतं. महिनेच्या महिने पाण्यावर, आणि किनारा लागला तरी परका. काकांनी तर तिच्यासाठी आपल्या कंपनीत शब्द टाकून ठेवलेला. शब्दाने शब्द वाढत गेला आणि काका बोलून बसले, "जायचं तर जा, पण मग या घराकडे वळून बघू नकोस." बटण आईकडे वळली. "आई, तू तरी बोल काहीतरी."

काकूंच्या तोंडात तेव्हाही टाचण्या होत्या. शिवणारी बाई तोंडात टाचण्या धरते यात नवल काही नाही. पण त्या काढून हातात घ्यायला असा किती वेळ लागतो? काकूंनी काढल्या नाहीत. मान खाली घालून त्यांनी कुणाच्या तरी पँटची शिवण पुरी केली, आणि वर पाहिलं तेव्हा दारात कुणी नव्हतं.

पुढे काकूंनी फोन करून पाहिले. "ठीक आहे." "जेवले." "कामात आहे." बँकेतल्या बाईशी बोलावं तसं बटण बोलायची. असं ऐकण्यापेक्षा न ऐकलेलं बरं, म्हणून काकूंनी फोन करणं हळूहळू सोडून दिलं. वाढदिवसाला एका ओळीचा निरोप यायचा, एका ओळीचं उत्तर जायचं. घरात तर तिचं नावच निघत नसे. निघालंच, तर काका उठून स्वयंपाकघरातला नळ नीट बंद आहे का ते बघायला जात. त्या नळाइतका नीट बंद असलेला नळ जगात दुसरा नसेल.

पण पेटी होती.

स्वस्तातल्या डिस्कला काम नसलं की ती झोपते. फिरायची थांबते. मग कुणी तिच्याकडे काही मागितलं किंवा तिच्यावर काही येऊन पडलं, की ती उठते. आणि उठताना तिचा आवाज होतो. आधी एक टक्‌, मग घूंऽऽ असा चढत जाणारा सूर, मग बारीक खरखर, झोपेतून उठलेलं माणूस अंधारात चपला शोधतं तशी. मशीन थांबलेलं असलं की काकूंना हा आवाज स्पष्ट ऐकू यायचा. काका त्या भांडणाच्या दिवशीच म्हणाले होते, "त्या पेटीला मी हात लावणार नाही." काकूंना ती उघडायची कशी ते माहीत नव्हतं. मग तिला झोपेतून उठवणार कोण? जगात एकच माणूस. बटणने कुठेतरी एक फोटो काढला, आणि तो घरी आला.

आवाज बहुतेक संध्याकाळी, दिवे लागल्यावर यायचा. काकूंनी मनातल्या मनात हिशेब जमवला होता, की बटण आहे तिथे तेव्हा सकाळ असणार. उठली असेल, डेकवर आली असेल, हातात चहा असेल. समोर पाणीच पाणी. ते एवढं चांगलं दिसत असेल की फोटो काढल्यावाचून राहवलं नसेल. काकू सुई थांबवून ऐकत राहत आणि अगदी हळू म्हणत, "उठलीस का? बरं." फोटो बघायची इच्छा होती, जीव तुटायचा त्यासाठी, पण त्यासाठी काकांना विचारावं लागलं असतं, आणि काका नळ बघायला गेले असते. त्यापेक्षा आवाज बरा. तो तुटक बोलत नाही, कामात आहे असं सांगत नाही. पोर रागावलेली असेल, पण फोन अजून घराला जोडून ठेवलाय म्हणजे घर टाकलेलं नाही, एवढ्या एका गोष्टीवर काकू दिवस ढकलत होत्या. आणि हेही खरं, की पेटी होती म्हणूनच त्यांनी पुन्हा फोन केला नाही.

काका त्यांना दुकानात घेऊन गेले तो शनिवार होता. दुकानदार गोड बोलणारा, पोट सुटलेला गृहस्थ. त्याने दोन डिस्क काउंटरवर शेजारी-शेजारी ठेवल्या. दिसायला सारख्याच, जुळ्या बहिणी म्हणाव्यात अशा.

"ही घरगुती," तो म्हणाला. "काम नसलं की झोपते, काम आलं की कुरकुरत उठते. आमच्या मेव्हण्यासारखी."

"आणि ही?" काकूंनी विचारलं.

"ही सर्व्हरची. ही झोपतच नाही काकू. सारखी फिरत असते. हाक मारली की हजर."

"म्हणजे उठताना आवाज करत नाही?"

"उठायला आधी झोपावं तर लागेल ना."

"हीच द्या," काका घाईघाईने म्हणाले.

काकूंनी पहिली डिस्क पुढे ओढली. "नको," त्या म्हणाल्या. "ती पहिली घेऊ. स्वस्तातली."

"अगं, तिचा खडखडाट किती होतो. तुला कामात त्रास होत नाही?"

"मला कसला त्रास? मी दिवसभर मशीन चालवते. मला सवय आहे."

"मला होतो," काका म्हणाले. एरवी दुकानात कधी न चढणारा त्यांचा आवाज चढला होता. "घरात एवढीशी वस्तू उठली की सगळ्यांना कळलंच पाहिजे का?"

दुकानदाराने आळीपाळीने दोघांकडे पाहिलं. महागडी वस्तू घ्यायचा हट्ट धरणारा नवरा आणि स्वस्तातलीच हवी म्हणून अडून बसलेली बायको त्याच्या दुकानात नवीन नसावीत, पण एवढ्याशा आवाजावरून हमरीतुमरी त्याने पहिल्यांदाच पाहिली असेल. शेवटी दोघंही हात हलवत परत आली. वाटेत काका पुढे आणि काकू मागे. खरं कारण दोघांपैकी कुणीच सांगत नव्हतं, आणि खोट्या कारणांवर भांडण किती वेळ चालणार?

त्यानंतर लगेच काकांना भावाकडे परगावी जावं लागलं. भावाच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. सोबतीला कुणी नव्हतं.

काका गेले त्या संध्याकाळी पेटी उठली नाही.

काकूंनी फार मनावर घेतलं नाही. एखादा दिवस चुकतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी मशीन लवकर बंद केलं आणि रिकाम्या हातांनी बसून राहिल्या. पेटी गप्प. तिसऱ्या दिवशी त्यांनी पेटीची वायर हलवून पाहिली, मागे हात लावून पाहिला. राहिलेल्या डिस्कचा दिवा हिरवा होता. पेटी धडधाकट होती, मग बटणला काय झालं? काकूंच्या मनात नको नको ते येऊ लागलं. जहाज, वादळ, ताप, परक्या बंदरातलं हॉस्पिटल. एका कोटाच्या दोन्ही बाह्या त्यांनी आखूड करायच्या ऐवजी उसवून ठेवल्या आणि कोटवाला आला तेव्हा त्याच्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

फोन समोरच होता. कितीदा तरी त्यांनी तो हातात घेतला आणि ठेवला. काय विचारायचं? 'तुझा फोटो आला नाही म्हणून फोन केला'? म्हणजे मग तिच्या लक्षात येईल की फोन अजून घराला जोडलेला आहे. कदाचित ती विसरूनच गेली असेल. आठवलं तर एका बोटाने तोडून टाकेल. आणि तसं नसेल, खरंच काही वाईट झालं असेल, तर ते ऐकायला कानही घरात एकटेच. काकूंचं घोडं तिथेच पेंड खात राहिलं. त्या पेटीसमोर खुर्ची ओढून बसत आणि पुटपुटत, "अगं, एक तरी काढ. कशाचाही काढ. भिंतीचा काढ."

काका परत आले ते दुपारी. भावाचा डोळा, तिथला डॉक्टर, प्रवासात शेजारी बसलेला घोरणारा माणूस, सगळं त्यांनी सविस्तर सांगितलं. काकू हं हं करत राहिल्या. संध्याकाळी चहा झाला आणि काका नेहमीप्रमाणे टॅबलेट घेऊन आतल्या खोलीत गेले. "जरा बातम्या बघतो," म्हणाले.

थोड्या वेळाने पेटीत टक्‌ झालं. मग घूंऽऽ. मग खरखर.

काकूंचा जीव भांड्यात पडला. इतके दिवस धरून ठेवलेलं एकदम सुटलं आणि त्या हुंदका देऊन रडायला लागल्या. हे कुणाला तरी सांगितल्यावाचून आता राहवणार नव्हतं. काका नळ बघायला जावोत नाहीतर विहीर खणायला. मांडीवरचा कोट खाली पडला, त्याला ओलांडून त्या आतल्या खोलीत गेल्या.

"अहो, आला हो तिचा फोटो," त्या दारातूनच म्हणाल्या. "बरी आहे ती. आत्ताच आला."

काका पलंगाच्या कडेला बसले होते. त्यांनी टॅबलेट झाकायला हात पुढे केला, पण उशीर झाला होता. पडद्यावर बटण होती. सात-आठ वर्षांची, पुढचे दात पडलेले, गळ्यात आईची मोजमापाची फीत अडकवून कुणाचं तरी माप घ्यायला निघालेली.

काकूंना क्षणभर काही उमगेना. त्या टॅबलेटकडे बघत राहिल्या, मग पुढच्या खोलीच्या दिशेने, जिथे पेटी अजून खरखरत होती.

"हा जुना आहे," त्या म्हणाल्या. "नवा कुठे आहे?"

काकांनी टॅबलेट मांडीवर पालथा ठेवला. "नवा नाही."

"मग आत्ता वाजलं ते काय?"

"ते माझ्यामुळे वाजतं. मी उघडतो ना फोटो, तेव्हा ती उठते."

"आणि तिचे येतात ते?"

काकांनी मांडीवरचा टॅबलेट बाजूला सारला. "तिचे येत नाहीत," ते म्हणाले. "ती गेली त्याच दिवशी तिने फोन तोडलाय त्यातून. मी लगेच बघितलं होतं. तेव्हापासून एकही नाही."

काकू खाली बसल्या, होत्या तिथे, जमिनीवरच. किती सकाळी त्यांनी त्या पोरीसोबत घालवल्या होत्या. तो डेक, तो चहा, ते पाणी. त्यांतली एकही सकाळ खरी नव्हती. आपल्याकडून कुणीतरी काही ओढून नेलं असं त्यांना वाटलं आणि त्या नवऱ्याकडे रागाने बघायला लागल्या. पण तो नवरा तिथे मान घालून बसला होता, चोरी पकडलेल्या पोरासारखा, आणि मग दुसरी गोष्ट हळूहळू त्यांच्या लक्षात यायला लागली. रोज संध्याकाळी. एवढ्या सगळ्या संध्याकाळी हा माणूस पलीकडच्या खोलीत दार लोटून मुलीकडे बघत बसला होता, आणि ताकास तूर लागू दिली नव्हती.

"हात लावणार नाही म्हणाला होतात पेटीला," त्या म्हणाल्या.

"पेटीला नाहीच लावला. इथूनच दिसतं."

"विमावाले ते विमावालेच," काकू म्हणाल्या, आणि रडता रडता त्यांना हसू आलं. मग एकदम काहीतरी ध्यानात येऊन त्यांनी मान वर केली. "म्हणून तुम्हाला ती महागातली हवी होती. आवाज न करणारी."

"तुला कळेल अशी भीती वाटायची. तू मशीन थांबवून ऐकायचीस. मला वाटायचं, हिला संशय आलाय."

"आणि मला ती स्वस्तातली हवी होती," काकू म्हणाल्या, "कारण मला वाटायचं ती येते."

पुढच्या खोलीत पेटी फिरून फिरून थांबली, झोपी गेली. काका उठले आणि काकूंच्या शेजारी जमिनीवर बसायला त्यांना गुडघ्यांची बरीच मनधरणी करावी लागली.

"स्वस्तातलीच घेऊ," ते शेवटी म्हणाले. "तुझं बरोबर आहे. उगाच कशाला खर्च."

काकूंनी पदराने चेहरा पुसला. इतके दिवस त्यांना धीर देणारी गोष्ट आता उरली नव्हती. आणि ती उरली नाही, म्हणूनच हात मोकळे झाल्यासारखे वाटत होते. तोडायला आता काही जोडलेलंच नव्हतं. मग भ्यायचं कशाला?

"आपण दोघं कोण ठरवणार?" त्या म्हणाल्या. "जिची पेटी आहे तिला विचारू."

काका काही म्हणायच्या आत त्या पुढच्या खोलीत जाऊन फोन घेऊन आल्या. नंबर लावला, आवाज मोठा केला आणि फोन दोघांच्या मध्ये धरला. घंटा वाजत राहिली. काका फोनकडे बघत होते.

"हॅलो? आई?" मागे कसल्या तरी इंजिनाची घरघर होती. "काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. इथेच बसलेत."

"मग?"

"अगं, आपल्या पेटीतली एक डिस्क गेलीय. नवी घ्यायचीय. महागातली घ्यावी की स्वस्तातली, त्यावरून आमचं भांडण झालंय. म्हटलं तुला विचारावं."

पलीकडे नुसतीच घरघर. "एवढ्यासाठी फोन केलास?"

"नाही," काकू म्हणाल्या. "पण आधी एवढं सांग."

बटणने सुस्कारा टाकला. मग कामाचं बोलावं तशी बोलली, पण बँकेतल्या बाईशी बोलावं तशी नाही. "त्यात आहे काय सध्या?"

"तुझेच फोटो. तू गेलीस तिथपर्यंतचे."

"मग स्वस्तातली पुरे की. नुसतं जुनं सांभाळून ठेवायचं असेल तर तीच पुष्कळ झाली. महागातली कधी लागते, रोज नवीन काही येऊन पडणार असेल तर."

"तेच तुला विचारतेय," काकू म्हणाल्या. "येणार आहे का?"

काकांनी काकूंचा हात धरला. किती घट्ट धरलाय हे त्यांना कळत नसावं.

"त्या दिवशी तू मला बोल म्हणाली होतीस," काकू म्हणाल्या. "मी बोलले नाही. बोलायला हवं होतं. आम्हा दोघांना तुझी फार आठवण येते गं. बाबा तर रोज बसतात तुझे फोटो घेऊन. पण तेवढ्यानेच भागवायचं असेल तर तसं सांग, आम्ही स्वस्तातली आणू."

इंजिनाची घरघर कितीतरी वेळ ऐकू येत राहिली. फोन बंद झाला नाही, एवढंच कळत होतं. मग बटणने नाक ओढलेलं ऐकू आलं.

"बाबांना सांग," ती म्हणाली, "महागातली घ्या म्हणावं."